नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : अद्भुतकथेतील समूहनामांचा विचार

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्या क्रियेने माणसाला ओळख मिळते, दुसरीने त्याची निंदा होते. अस्तित्वात नसलेल्या लोकांसाठी शब्द घडवणारा अद्भुतकथेचा लेखक पुष्कळदा या दोन्ही क्रिया एकदमच करीत असतो. अशा शब्दांकडे समीक्षेने बहुधा दोन प्रकारे पाहिले आहे. काहींना ते कल्पित विश्वाचे अलंकरण वाटले, तर काहींना भाषाभ्यासकाचा छंद. दोन्ही दृष्टींना एक प्रश्न फारसा पडत नाही. कथेच्या आत हा शब्द कोणाच्या तोंडी आहे, आणि ज्यांच्यासाठी तो वापरला जातो त्यांच्यापाशी स्वतःसाठी वेगळा शब्द आहे काय? इंग्रजी अद्भुतकथेतील समूहनामांचा इतिहास या प्रश्नाच्या आधारे वाचता येतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी स्विफ्टपासून रोलिंगपर्यंतच्या काही निवडक कृती येथे विचारात घेतल्या आहेत.

जोनाथन स्विफ्टचे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ १७२६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या चौथ्या भागात विवेकशील घोड्यांचा देश येतो. हे घोडे स्वतःला ‘हुइनम’ म्हणवतात. उच्चारात खिंकाळीचा भास असलेल्या या शब्दाची व्युत्पत्ती ‘निसर्गाची परिपूर्णता’ अशी सांगितली जाते. त्याच देशातील माणसासारख्या दिसणाऱ्या, केसाळ आणि गलिच्छ प्राण्यांना ते ‘याहू’ म्हणतात. स्विफ्टची खरी अंतर्दृष्टी पुढच्या तपशिलात आहे. हुइनमांच्या भाषेत वाईटपणा दर्शवणारा स्वतंत्र शब्द जवळजवळ नाही. नोकराचा मूर्खपणा, पायाला कापणारा दगड, खराब हवा अशा कोणत्याही अनिष्ट गोष्टीच्या नावाला ते ‘याहू’ हे उपपद जोडतात. एका समूहाचे नाव अशा रीतीने सर्व दोषांचे विशेषण होऊन बसते. भाषेने हे काम केल्यानंतर हुइनमांच्या सभेत याहूंना पृथ्वीवरून नाहीसे करावे काय, यावर चर्चा होते आणि ती कोणालाच विचित्र वाटत नाही. याहू स्वतःला काय म्हणवतात, हे गलिव्हर कधी विचारत नाही. उलट तो स्वतःलाच याहू समजू लागतो आणि घरी परतल्यावर त्याला बायकामुलांचा सहवासही असह्य होतो. दुसऱ्याने दिलेले नाव आतून स्वीकारल्यावर माणसाचे काय होते, याचे इतके निर्दय चित्रण पुढच्या दोन शतकांतील अद्भुतकथेत क्वचितच सापडेल.

स्विफ्टचे शब्द ध्वनीतून घडले होते. एकोणिसाव्या शतकात तौलनिक भाषाशास्त्राचा उदय झाल्यावर शब्द घडवण्याची रीत बदलली आणि लेखक प्राचीन भाषांच्या अवशेषांतून नावे उभी करू लागले. विल्यम मॉरिस हा या वळणावरील महत्त्वाचा लेखक होय. आइसलँडिक साहित्याचा तो भाषांतरकार होता. १८८९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज’ या कादंबरीत त्याने जर्मानिक भाषांतील ‘इंग’ हा प्रत्यय कुलनामांसाठी वापरला. आपल्याकडे पांडव, भार्गव ही नावे अपत्यार्थी प्रत्ययाने सिद्ध होतात, तशीच ही योजना आहे. तिच्यामुळे नावाला वंशपरंपरेचे वजन प्राप्त झाले. पण त्याच सुमाराच्या ‘द रूट्स ऑफ द माउंटन्स’ मधील शत्रूंना ‘डस्की मेन’, म्हणजे काळसर माणसे, असे म्हटले आहे. स्वकीयांना कुळाचे नाव आणि परक्यांना कातडीचा रंग, अशी ही वाटणी आहे. जुन्या भाषांकडे वळताना लेखक त्या भाषांतील आप-पर भेदही उचलून आणत होते.

जे. आर. आर. टोल्किन याने मॉरिसच्या या दोन कादंबऱ्यांचे ऋण एका पत्रात मान्य केले आहे. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कामावर असलेला आणि पुढे प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक झालेला हा लेखक शब्दाच्या इतिहासाशिवाय शब्द वापरायला सहसा तयार नसे. १९३७ च्या ‘द हॉबिट’ मध्ये त्याने ‘हॉबिट’ हे नाव आधी योजले आणि त्याची व्युत्पत्ती मागाहून रचली. १९५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ च्या तिसऱ्या खंडाला जोडलेल्या परिशिष्टात तो सांगतो की हे लोक स्वतःला ‘कुडुक’ म्हणत. या शब्दाचे मूळ ‘बिळात राहणारा’ अशा अर्थाच्या, झिजून गेलेल्या एका जुन्या शब्दात होते, आणि ते नाते इंग्रजीत दाखवण्यासाठी ‘होल्बिट्ला’ या प्राचीन इंग्रजी धर्तीच्या कल्पित रूपापासून ‘हॉबिट’ सिद्ध केला. उंच माणसे मात्र त्यांना ‘हाफलिंग’, म्हणजे अर्धे, म्हणतात. हॉबिटही त्या माणसांना ‘मोठे लोक’ म्हणून मोकळे होतात. येथे एकाच समूहाला दोन नावे मिळतात, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि दोहोंतील अंतर वाचकाला स्पष्ट दिसते. अद्भुतकथेच्या इतिहासात ही मोठी भर होती. डनलँडचे लोक रोहनच्या सोनेरी केसांच्या स्वारांना ‘गवतडोके’ अशा अर्थाच्या शब्दाने हिणवतात, तेव्हाही हीच जाण दिसते. पराभूतांच्या तोंडीही विजेत्यांसाठी शब्द असतो, हे टोल्किनला ठाऊक होते.

लोकनामाचा दुरुपयोग किती दूर जाऊ शकतो, याचा अनुभवही त्याला आला होता. १९३८ साली ‘द हॉबिट’ च्या जर्मन भाषांतराच्या संदर्भात बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम येथील प्रकाशनसंस्थेने तो ‘आर्य’ वंशाचा आहे काय, अशी विचारणा केली. उत्तराच्या एका मसुद्यात त्याने लिहिले की आर्य याचा अर्थ आपण भारत-इराणी असा समजतो, आणि आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी किंवा तत्सम भाषा बोलत असल्याचे आपल्याला माहीत नाही. ज्यू पूर्वज नसल्याबद्दल त्याने खेद व्यक्त केला. हा प्रसंग लेखकाच्या नैतिक धैर्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ऋग्वेदातील एका समूहाचे स्वनाम युरोपीय भाषाशास्त्राने भाषाकुलासाठी घेतले आणि राजकारणाने ते वंशासाठी राबवले. भाषाकुल आणि वंश यांची गल्लत करू नये, असा इशारा मॅक्स म्यूलरने १८८८ सालीच दिला होता. टोल्किनने भाषाभ्यासक म्हणून तो शब्द पुन्हा भाषेच्या क्षेत्रात नेऊन ठेवला.

एवढी सावधगिरी असलेल्या लेखकाच्या सृष्टीत ‘ऑर्क’ हे नाव काय करते, हे म्हणूनच तपासले पाहिजे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यातील एका राक्षसवाचक समासाशी या शब्दाचे नाते आहे. परिशिष्टात टोल्किन सांगतो की ऑर्कांना स्वतःची अशी भाषा नव्हती. इतरांच्या भाषांतून मिळेल ते घेऊन त्यांनी ते विकृत केले. ‘उरुक’ हे त्यांच्यातील बलाढ्य सैनिकांचे नाव त्यांच्या धन्याने घडवलेल्या काळ्या भाषेतील आहे. हेच उरुक आपल्यातील कनिष्ठांना ‘स्नागा’, म्हणजे गुलाम, म्हणतात. इतरांनी दिलेले नाव आणि धन्याच्या भाषेतील नाव, यांपलीकडे या लोकांपाशी तिसरे नाव नाही. हॉबिटांच्या बाबतीत लेखकाने जे काळजीपूर्वक केले, ते येथे टाळले आहे. १९५८ च्या एका पत्रात त्याने ऑर्कांच्या रूपाचे वर्णन करताना युरोपीय नजरेला कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांचा आधार घेतला, हे लक्षात घेतल्यास ही उणीव निरागस राहत नाही.

तरीही येथे थांबणे अन्यायाचे होईल, कारण खुद्द संहिताच या नामकरणाविरुद्ध साक्ष देते. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस दोन ऑर्क सरदार एकमेकांशी बोलतात. युद्ध संपल्यावर काही भरवशाचे साथीदार घेऊन, वर कोणी मोठा धनी नसेल अशा ठिकाणी निघून जावे, असे त्यांना वाटते. ज्यांना स्वतःचे नाव दिले नाही त्यांना लेखकाने स्वतःची इच्छा मात्र दिली. ऑर्क जन्मतःच दुष्ट आहेत काय, हा प्रश्न टोल्किनला अखेरपर्यंत सुटला नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उत्तरकालीन टिपणांत त्याची तगमग दिसते. जंगलात राहणाऱ्या ‘वोझ’ लोकांच्या बाबतीत तो पुढे गेला होता. त्यांचा नायक मदतीच्या मोबदल्यात एवढेच मागतो की आम्हांला जनावरांसारखे मारत फिरू नका. १९८० मध्ये प्रकाशित झालेल्या लेखनात या लोकांचे ‘द्रुघू’ हे स्वनामही आढळते. ऑर्कांसाठी असा शोध झाला नाही.

अर्सुला ल ग्विनच्या लेखनात हा शोध केंद्रस्थानी येतो. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये नायकाचे लोक तांबूस-तपकिरी वर्णाचे असून गोरे ‘कार्ग’ हे लुटारू परके आहेत. वर्णाची ही उलटापालट त्या काळात धाडसाची होती, पण तेवढ्याने रचना बदलत नाही, केवळ जागा बदलतात. ल ग्विनने हे ओळखले असावे. १९७१ च्या ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ मध्ये ती थेट कार्गांच्या देशात जाते. तिथल्या मुलीचे ‘तेनार’ हे नाव काढून घेऊन तिला ‘आऱ्हा’, म्हणजे भक्षिलेली, असे याजकी अभिधान दिले जाते. तिचे नाव तिला परत मिळणे हेच त्या कादंबरीचे कथानक आहे. १९७२ च्या ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ या विज्ञानकथेत तर दोन नामव्यवस्था समोरासमोर उभ्या राहतात. पृथ्वीवरून आलेले वसाहतवाले स्थानिकांना ‘क्रीची’ म्हणतात. प्राणी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे हे तुच्छतादर्शक रूप आहे. स्थानिकांच्या भाषेत ‘अथ्शे’ या एकाच शब्दाचा अर्थ अरण्य असाही आहे आणि जग असाही, आणि त्यावरूनच ते अथ्शीय. त्यांचे नाव कळल्यावर जंगलतोडीचा अर्थ वाचकासाठी बदलतो. वसाहतवाल्यांच्या हिशेबी लाकूड जाते, अथ्शीयांचे जग जाते.

जे. के. रोलिंगच्या ‘मगल’ या शब्दाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १९९७ मध्ये पहिल्या हॅरी पॉटर कादंबरीत आलेला, सहज फसणारा या अर्थाच्या बोलीतील शब्दावरून घडलेला हा शब्द २००३ साली ऑक्सफर्ड कोशात गेला. जादूगारांच्या समाजाबाहेरची सगळी माणसे, म्हणजे वाचकही, मगल ठरतात. स्विफ्टनेही वाचकाला परक्याने दिलेल्या नावाखाली आणले होते, पण तिथे वाचक अस्वस्थ होतो. रोलिंगचा वाचक आनंदाने जादूगारांच्या बाजूला जाऊन बसतो आणि मगल म्हणजे शेजारचे कोणी, असे समजतो. १९९८ च्या दुसऱ्या कादंबरीत ‘मडब्लड’, अर्थात चिखलरक्ताचा, ही शिवी येते. रक्तशुद्धीच्या विचारसरणीचे नामकरण म्हणून ती अचूक आहे आणि कथा तिचा निषेधही करते. परंतु सौम्य वाटणारा ‘मगल’ आणि उघड शिवी असलेला ‘मडब्लड’ एकाच उतरंडीच्या दोन पायऱ्या आहेत, हे कथेतील सज्जनांच्या फारसे ध्यानात येत नाही.

या सर्व शब्दांशी मराठीचा संबंध भाषांतरातून येतो आणि तेथे प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘ऑर्क’ साठी ‘राक्षस’ हा शब्द हाताशी आहे. पण राक्षस हा रिकामा शब्द नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात जलाच्या रक्षणासाठी निर्माण केलेल्यांपैकी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हणणारे ते राक्षस, अशी व्युत्पत्ती दिली आहे. ‘असुर’ शब्दाचे असेच झाले. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणासारख्या देवतेला लावलेले हे गौरवाचे विशेषण पुढे शत्रुवाचक झाले, आद्य ‘अ’ नकारार्थी मानला गेला आणि उरलेला ‘सुर’ देवांना मिळाला. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये ‘महार’ या नावात ‘महाअरि’ वाचला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नसेल, पण नाव ठेवण्याचा अधिकार परत घेण्याची ती कृती होती. १९७२ मध्ये दलित पँथरने ‘हरिजन’ नाकारून ‘दलित’ हा शब्द अभिमानाने मिरवला, त्यामागे हीच जाणीव होती.

म्हणून ऑर्क, गॉब्लिन, उरुक आणि स्नागा या चारही शब्दांसाठी सरसकट ‘राक्षस’ योजणारा भाषांतरकार मूळ संहितेतील एक महत्त्वाची गोष्ट पुसून टाकतो. कोण कोणाला गुलाम म्हणतो आणि कोणाच्या भाषेत म्हणतो, हे मग मराठी वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. शिवाय आपल्या परंपरेतील एका निंदित नावावर आणखी एक थर चढतो. ‘स्नागा’ जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ कथेच्या ओघात ऑर्काच्याच तोंडून कळू देणे अवघड नाही. मराठीत स्वतंत्र अद्भुतकथा लिहिणाऱ्यालाही आपल्या कल्पित लोकांचे नाव ठरवताना हे लोक आपल्या मुलांना आपण कोण म्हणून सांगतात, याचे उत्तर आधी शोधावे लागेल.