कागद, हौद आणि घागर

शहराचा इतिहास म्हटले की राजे, लढाया आणि वाडे आठवतात. पण 'तेथील लोक पाणी कोठून आणत?' असे विचारले की त्याच शहराचे निराळे चित्र दिसू लागते. पुण्याचेच उदाहरण घेऊ.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून त्याचे पाणी बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. पंप नव्हताच. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात. त्यामुळे नळाला बेताचा उतार राखला की गुरुत्वाकर्षणाने पाणी आपोआप वाहते. उतार फार कमी झाला तर गाळ साचतो, फार जास्त झाला तर बांधकाम झिजते. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास होते. त्यांतून आत उतरून गाळ काढता येई. शहरात हे पाणी काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत पडे आणि लोक ते तेथून भरून नेत.

पेशव्यांच्या कारभाराचे कोट्यवधी मोडी कागद पुण्यातील पेशवे दप्तरात आहेत. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. पण दप्तर लिहिले गेले ते राज्यकारभारासाठी. जमा, खर्च, हुकूम यांची नोंद कारकून करी. हौदाशी कोणाला येऊ देत नसत याची नोंद करण्याची त्याला गरज नव्हती. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

येथे वस्तू मदतीला येतात. तांब्याची घागर घासली की 'शुद्ध' मानली जाई. मातीचे मडके 'विटाळले' की फोडून टाकावे लागे. मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडते, म्हणून आतले पाणी गार राहते. विज्ञानाच्या तासाला आपण शिकवतो तो हा गुण. जातिव्यवस्थेने मात्र त्याच भांड्याला विटाळ धरून ठेवणारे ठरवले. कातडी पखालीतले पाणी अनेकांना चालत नसे.

उतारावरून आलेल्या पाण्याला हे भेद ठाऊक नव्हते. ते हौदाच्या काठावर सुरू होत. म्हणूनच १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही घटना कात्रजच्या नळाइतकीच पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात मोलाची आहे.

नुसत्या कागदावर विसंबले तर काय होते, हे पुण्याबाहेरच्या एका घटनेवरून कळते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठरावापासून ओंजळीपर्यंतचे अंतर कागदावर दिसत नाही.

हा अभ्यास कोणत्याही गावात करता येईल. विद्यार्थ्यांना गावातील जुना आड, हौद किंवा सार्वजनिक नळ शोधायला सांगा. पाणी तेथे कसे पोचत होते, हा विज्ञानाचा प्रश्न. ते कोण भरी, कोणत्या भांड्यात भरी आणि कोणाला दूर थांबावे लागे, हा इतिहासाचा. नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या नोंदी पाहाव्यात आणि म्हाताऱ्या माणसांनाही विचारावे. दोन्हींची उत्तरे जुळली नाहीत, तर खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.