दासबोधातील लेखनविधी आणि शोभेची नागरी मुद्राक्षरे

समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बाळबोध अक्षर कसे घटवावे, हा त्याचा विषय. हा समास सुलेखनाचा पाठ तर आहेच; पण शोभेच्या मुद्राक्षरांची पारख करण्याची कसोटीही त्यात सापडते.

समर्थांची पहिली अपेक्षा एकसारखेपणाची आहे. अक्षराचे काळेपण, टाकाची जाडी व वळण ही आरंभापासून ग्रंथसमाप्तीपर्यंत सारखीच राहावीत. सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. त्यासाठी पान शिसाने आखून घ्यावे. ओळीला ओळ लागू नये, मात्रा वरच्या ओळीत शिरू नये. नाना देशींचे बोरू, टाक तोडण्याच्या अनेक तऱ्हा आणि हिंगुळासारखे रंग यांचाही उल्लेख समासात येतो. म्हणजे शोभेला तेथे मज्जाव नाही. मात्र ती शिस्तीच्या आत राहावी, असा दंडक आहे.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग शिळाछापावर काढले. या पद्धतीत लेखकाच्या हाताचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरे. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) ओतीव खिळ्यांना सुघड नागरी वळण दिले. हाताला सायासाने साधणारा एकसारखेपणा खिळ्याला जन्मतःच लाभला. परंतु खिळ्याच्या चौकटीबाहेर झुकणारा फराटा मोडण्याचे भय असल्याने बोरूच्या मुक्त वळणाला धातूत मर्यादा पडली.

संगणकाच्या काळात हे बंधन सुटले. हर्मान त्साफ यांच्या १९९८ मधील ‘झाफिनो’ या रोमन मुद्राक्षरात लांब फराटे वर-खाली मोकळेपणाने पसरतात. नागरीत मात्र ती जागा मोकळी नसते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार असतो. आणि ही सारी अर्थवाहक चिन्हे होत. रोमन फराटा लांबला तर बहुधा शोभा वाढते. नागरी वेलांटी बेसुमार लांबली तर ती शेजारच्या अक्षराची वाटून शब्दच बदलण्याचा संभव असतो.

म्हणूनच अशा मुद्राक्षरांचे योग्य स्थान मुखपृष्ठ, मानपत्र किंवा लग्नपत्रिकेचा मथळा हे होय. एका ओळीच्या मथळ्यात ओळीला ओळ लागण्याचा प्रश्न उरत नाही. मात्रेचे स्थान व टाकाची एकच जाडी हे नियम तेथेही सुटत नाहीत. तारुण्यात लिहिलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, असाही इशारा समर्थांनी दिला आहे. अक्षराचे सौंदर्य अखेर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, हे भान शोभेचे अक्षर घडविणारालाही सोडता येत नाही.