नव्या गाण्याचा वार

चिंचवडच्या जुन्या दिवसांविषयी काही लिहावे, असे संपादिकाबाईंनी सुचविले. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. मी आपली आमच्या आळीत नवे गाणे कसे येत असे, तेवढे सांगते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तेव्हा चिंचवड हे पवनेकाठचे खेडेच होते. नगरपालिका व्हावयास 1970 साल उजाडले. रेडिओ ठेवावयाचा म्हणजे दरवर्षी परवान्याचे पैसे भरणे आले, त्यामुळे आळीत तो एकाच घरी होता. सिनेमाची नवी गाणी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागत. पण ती वडीलधाऱ्यांसमोर ऐकण्याची सोय नव्हती!

1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार. त्या सकाळी ‘गीतरामायण’ सुरू झाले. कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. दर आठवड्यास एक नवे गीत, आणि तेच पुन्हा शनिवारी व रविवारी. म्हणजे तीन वेळा कानांवर पडेल तेवढेच आपले. चुलीवरचा भात उतरवून बायका त्या घराच्या ओट्यावर जमत. माझे अक्षर बरे, म्हणून वही माझ्याकडे. एकीने पहिले कडवे ध्यानात ठेवावयाचे, दुसरीने दुसरे, असे वाटून घेतलेले असे. पुढे पुण्याच्या दैनिकांत शब्द छापून येऊ लागले, तेव्हा वहीचे काम हलके झाले.

चाल मात्र छापून येत नसे. ती माईंकडे असे. माई लहानपणीच विधवा झालेल्या, अक्षरओळख नाही, कोणाच्या हळदीकुंकवास बोलावणे नाही. सूप मांडीवर घेऊन त्या ओट्याच्या कडेला बसत आणि एकदा ऐकले की हरकतींसह गळ्यात उतरवीत. मग दुपारी आळीतल्या सुना त्यांच्या दारी जात, “माई, दुसऱ्या कडव्याची चाल पुन्हा सांगा ना!” एरव्ही त्या दाराशी कोणी थांबत नसे.

नातीने परवा मोबाईलवर सारी छप्पन्न गीते क्षणात काढून दिली. माणिक वर्मांचा, वसंतराव देशपांड्यांचा आवाज हवा तेव्हा ऐकावयास मिळतो, याचा मला आनंदच आहे. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, त्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर किती अवघडून बसावे लागे, ते मी पाहिले आहे.

त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून मालिका वर्षाहून थोडी लांबली आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीस संपली. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. सवयीने बायका जमल्या. रेडिओवर दुसरेच काही चालले होते. घरमालकीण काकूंनी तो बंद केला, माईंना कडेवरून उठवून मधोमध बसविले आणि म्हणाल्या, “पहिल्यापासून म्हणा.”