मोटार, माळ आणि पाना : कुंडल परिसराच्या वाहनसंस्कृतीचा मागोवा

मोटारीचा इतिहास लिहिताना बहुधा ती कोणी घेतली, कितीला घेतली आणि पहिली कोणाच्या दारात उभी राहिली, याची नोंद होते. ती रोज चालती कोणी ठेवली, हा प्रश्न मागे राहतो. कुंडल आणि भोवतालच्या कृष्णाकाठाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. या भागात मोटारीआधी पाना आला, आणि पाना धरणारा हात आधी तयार झाला.

सायकलीपासून सुरुवात

कुंडल हे औंध संस्थानातले गाव. मिरज–पुणे लोहमार्गावर त्याच्या नावाचे ‘कुंडल रोड’ स्थानक होते. त्या स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. जमीन दिली ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. हे सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावात झाला तो सायकलींच्या विक्री-दुरुस्तीने. विकलेले यंत्र चालते ठेवणे हाही धंद्याचाच भाग, ही समज तिथली.

वाडीत नांगर झाले, चरक झाले, पुढे पंप झाले. त्यांबरोबर ओतारी, कातारी आणि फिटर यांची एक पिढी घडली. शेतकऱ्याच्या विहिरीवर ऑइल इंजिन बसले, तेव्हा ते बंद पडल्यावर उघडणारा माणूस पंचक्रोशीत असणे ही गरज झाली. नोझल साफ करणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, गॅस्केट कापून घेणे ही कामे विहिरीच्या काठावर होत. मोटारीचे इंजिन त्याच जातीचे. त्यामुळे मोटार खेड्यात आली तेव्हा ती सर्वस्वी परकी वाटली नाही.

संस्थान, सरकार आणि सर्व्हिस मोटार

आरंभीच्या काळात मोटार संस्थानिकांकडे, बड्या अधिकाऱ्यांकडे, एखाद्या डॉक्टर-वकिलाकडे असे. त्या गाड्या परदेशी बनावटीच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तरी सुटे भाग सातासमुद्रापलीकडूनच येत. अशा गाडीचा ड्रायव्हर हा अर्धा मेकॅनिक असावा लागे. सामान्य माणसाला मोटार भेटली ती सर्व्हिस मोटारीच्या रूपात. खासगी मालकाची, भरल्याशिवाय न सुटणारी, टपावर पोती आणि कोंबड्यांच्या डालग्या घेऊन धावणारी.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि या गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू मिळतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. पेट्रोलच्या मानाने ताकद कमी पडे. चढ लागला की उतारूंनी उतरायचे, वेळेला ढकलायचे. पहाटे पंखा फिरवून भट्टी पेटवणारा क्लिनर हाच गाडीचा खरा प्राण होता.

याच काळात कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र बनले. १४ एप्रिल १९४४ रोजी जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. भूमिगतांचा रोजचा वावर मात्र पायवाटांचा आणि उसाच्या फडांचा होता. मोटारीचा रस्ता पोलिसांचा, पाऊलवाट आपली, अशी ती विभागणी. मोटार म्हणजे सत्ता, हे समीकरण खेड्याच्या मनात रुजण्याला असा काळही कारण झाला असावा.

फियाटची शिस्त

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही पुढे मिळाले. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ नंतर फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच गाडी सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. फियाट, अँबॅसिडर आणि स्टँडर्ड एवढ्यातच तीन दशके भागवावे लागले. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, त्यामुळे मिळालेली गाडी टिकवणे हे कर्तव्य ठरे.

या गाड्यांनी मालकाला शिस्त लावली. सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरचे पाणी, डिपस्टिकवरचे ऑइल आणि फॅनबेल्टचा ताण पाहायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे. ठरलेल्या मैलांनंतर ग्रीसगनने पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस द्यायचे. प्लग पॉलिश पेपरने घासायचे, पॉइंटमधले अंतर पत्तीने मोजायचे. इंजिन तापले तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, हा धडा काहींनी हात भाजून घेतला. कारण साधे आहे. झाकणाखाली दाब असतो, तो सुटताच शंभर अंशांवर तापलेले पाणीही उसळून वाफ होते.

उन्हाळ्यात चढावर गाडी अडली की पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय आज गमतीचा वाटेल. पण त्यामागे शास्त्र होते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठी बनवलेल्या पंपाला वाफ ओढता येत नसे. फडक्याने नळी थंड झाली की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई.

वडाप आणि मारुती

ज्यांना स्वतःची गाडी परवडली नाही, त्यांची गाडी होती वडाप. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली, पण वाडीवस्तीवर ती दिवसातून एक-दोनदाच येणार. मधली पोकळी जीपने भरली. दहा माणसांच्या जागी वीस, मागच्या पायरीवर आणखी चार. या जीपगाड्यांनी नाक्यानाक्यावर गॅरेज जगवले. रिमोल्ड टायर, बदललेले इंजिन, वेल्डिंग केलेली चेसी यांवर एक संपूर्ण अर्थव्यवस्था चालली. त्या कौशल्याचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘चालतंय की’ या दोन शब्दांत जुगाडाचे शहाणपण होते, तसाच झिजलेल्या ब्रेकचा धोकाही होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मालकाचे यंत्राशी असलेले नाते बदलले. गाडी सकाळी एका चावीत सुरू होऊ लागली. पुढे कार्ब्युरेटर गेला, संगणकाने इंजिन ताब्यात घेतले, दुरुस्ती सर्व्हिस सेंटरकडे गेली. सोय झाली हे खरेच. मात्र ‘गाडीचा आवाज बदललाय’ हे ओळखणारा कान मालकाकडून हळूहळू गेला. आता डॅशबोर्डवर दिवा लागेपर्यंत बॉनेट उघडलेच जात नाही. टायरची हवा आणि ब्रेकचे ऑइल या दोन गोष्टी तरी दिव्याची वाट न पाहता बघाव्यात, हा जुन्या फिटरांचा सल्ला आजही तितकाच लागू आहे.

रस्त्यावरची तक्रार

मोटारवाल्यांच्या तक्रारींनाही इतिहास आहे. पूर्वी बैलगाडीची लोखंडी धाव सडक कापते, गाडीवान झोपलेला असतो, ही मोटारीची तक्रार. हॉर्नने बैल बुजतात, ही गाडीवानाची. आज कऱ्हाड–तासगाव रस्त्यावर गळीत हंगामात गाडी चालवणाऱ्याला विचारा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मागच्याचा हॉर्न ऐकू येऊ नये इतक्या आवाजात गाणी. समोरून येणाऱ्याचा अप्पर काही खाली होत नाही. फडातून चाकांबरोबर आलेला काळा चिखल डांबरावर पसरतो. रंग उडालेला गतिरोधक आपटल्यावरच कळतो.

या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या ट्रॉलीत कुंडल परिसराच्या वर्षभराच्या कमाईचा ऊस असतो, हेही खरे. रस्ता कारवाल्याचा आहे तितकाच तो ऊसतोड मजुराचा, टायरगाडी हाकणाऱ्याचा आणि पहाटे सायकलवरून दूध घालणाऱ्याचाही आहे. उपाय महागडा नाही. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी, बैलगाडीला मागून दिसेल असा कागद, वाकणापुढे थांबवलेल्या गाडीचा लुकलुकणारा दिवा आणि समोरच्यासाठी खाली केलेला अप्पर. यातली एकही गोष्ट शंभर-दोनशे रुपयांच्या फारशी वर नाही. ती न केल्याची किंमत मात्र एखादे घर आयुष्यभर मोजते. कायद्याने हे ओळखूनच १ जुलै १९४६ पासून तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्या गाडीची जबाबदारी आपल्या बंपरपाशी संपत नाही, हा त्याचा अर्थ.

खंडेनवमीला या भागात नांगर, पंप, लेथ आणि मोटार एका रांगेत येतात. धुतलेली, झेंडूची माळ घातलेली, हळदकुंकू लावलेली. अवजाराची पूजा म्हणजे त्याने वर्षभर केलेल्या कामाची कबुली. पूजेच्या दिवशी धुवायची आणि एरवी टायर गुळगुळीत होईपर्यंत पळवायची, हे या परंपरेत बसत नाही. ज्या माळावर दुरुस्ती हा धंद्याचा धर्म मानला गेला, त्या माळाच्या शेजाऱ्यांनी तरी देखभालीलाच पूजा म्हणावे. बाकीचे झेंडू मग शोभून दिसतील.