इंजिनाला बायकोचं नाव

परवा शेवंतीच्या वाफ्यात गवत काढत होते, तर खुरप्याला काहीतरी लागलं. टण्ण असा आवाज. माती बाजूला केली तर पितळी रूळ! पार तपकिरी पडलेला, पण जागच्या जागी. मला वाटत होतं की अंगणातली सगळी लाइन आपण काढून माळ्यावर ठेवली आहे. वाफ्यातली तेवढी राहून गेली होती म्हणायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. (नातेवाईक मंडळींनी हा भाग वगळला तरी चालेल. तुम्ही सगळ्यांनी त्या गाडीला हात लावून एकदा तरी बोलणी खाल्लेली आहेत.) २००३ साली धाकटा जर्मनीहून येताना एक मोठं खोकं घेऊन आला. आत एक इंजिन, दोन डबे आणि गोल जोडायचे रूळ. आणलं होतं नातवासाठी. नातू तेव्हा दीड वर्षाचा, आणि आमचे हे नुकतेच निवृत्त झालेले. गाडी कोणाची झाली हे सांगायला नकोच!

आठ दिवस ती दिवाणखान्यात फिरली. मग मी हाकलली. त्यावर यांनी खोक्यावरचं चित्र दाखवलं. त्यात गाडी बागेत होती, झाडांमधून, चक्क दगडांवरून चाललेली. "ही बाहेरचीच गाडी आहे," म्हणाले. तेव्हा मला ती थाप वाटली. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पानिपत झालं, फ्रेंच राज्यक्रांती झाली, पण अंगणातल्या आगगाडीलाही इतिहास असतो हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेही यांच्याशी भांडता यावं म्हणून वाचायला लागले तेव्हा.

या इतिहासाची सुरुवात खेळातून झालेली नाही, ही मला सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. इंग्लंडात डर्बीजवळ डफील्ड नावाचं गाव आहे. तिथे सर आर्थर हेवूड नावाच्या एका जमीनदाराने १८७४ च्या सुमारास आपल्या घराच्या डोंगरउतारावर एक रेल्वे बांधायला घेतली. दोन रुळांमधलं अंतर फक्त १५ इंच! म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीहून तीन इंच जास्त. धाकट्या भावंडांना बसवायला त्याने आधी ९ इंचांची करून पाहिली होती, पण ती डगमगायची. माणूस बसेल आणि कलंडणार नाही अशी लहानात लहान रेल्वे किती रुंद हवी, हा त्याचा प्रश्न. उत्तर आलं १५. मग त्याने इंजिनं स्वतःच्या कारखान्यात बनवली, बोगदे खणले, पूल बांधले, जेवणाचा डबा केला, झोपायचा डबासुद्धा केला. घराभोवतीच्या गाडीत झोपायचा डबा कशाला, हे त्याच्या बायकोने विचारलंच असणार.

पण हेवूडसाहेबाला ही गंमत नको होती. त्याचं म्हणणं असं की मोठ्या जहागिरींवर, खाणींमध्ये, शेतमाल नेण्यासाठी असली स्वस्त लाइन घालावी, बैलगाड्यांपेक्षा परवडेल. त्याने त्यावर पुस्तिका लिहिली, लोकांना बोलावून गाड्या पळवून दाखवल्या. लोक आले, बसले, वा वा म्हणाले, आणि घरी गेले. मनासारखं खरं गिऱ्हाईक एकच मिळालं. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन हॉलसाठी १८९६ साली त्याने सुमारे तीन मैलांची लाइन घातली. तिच्यावरून कोळसा आणि सामान वर्षानुवर्षं वाहिलं गेलं. दुसरा ड्यूक काही मिळाला नाही.

१९१६ साली हेवूड वारला आणि डफील्डची लाइन संपली. त्याचं १५ इंचांचं माप मात्र उचललं कोणी, तर एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याने! नॉर्दॅम्पटनचा बॅसेट-लोक हा छोट्या आगगाड्या विकणारा नावाजलेला माणूस. त्याच्या कंपनीने १९१५ साली रेव्हनग्लास इथली एक बंद पडलेली जुनी रेल्वे घेतली आणि तिचे रूळ १५ इंचांवर आणले. हेवूडच्या मृत्यूनंतर त्याचं काही सामान तिकडेच गेलं. त्याचं 'म्युरिएल' नावाचं १८९४ चं इंजिन १९२७ साली नव्या बॉयलरसह 'रिव्हर इर्ट' झालं आणि ते अजूनही प्रवासी ओढतं. ज्याने खेळ नाही म्हणून जीव तोडून सांगितलं त्याचं इंजिन पर्यटकांच्या हौसेवर जगलं. बिचारा! (पण जगलं हे महत्त्वाचं.)

हेवूडच्या डफील्डच्या पहिल्या इंजिनाचं नाव होतं 'एफी'. त्याच्या बायकोचं नाव मार्गारेट एफी. हे वाचून मी यांना म्हटलं, बघा, शिका काहीतरी.

आता समुद्रापलीकडे अमेरिकेत जाऊ, आणि मध्ये पाऊणशे वर्षं सोडून देऊ. मिकी माऊसवाला वॉल्ट डिस्ने आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं आगगाडीचं वेड तितकंसं माहीत नसतं. लहानपण मिझुरीतल्या मार्सेलीन या रेल्वेच्या गावात गेलेलं, काका इंजिन ड्रायव्हर, आणि पंधराव्या वर्षी हा स्वतः गाडीत वर्तमानपत्रं नि फळं विकायचा. पुढे मोठा झाला, नाव झालं, पैसा झाला, पण कामाने पार थकला. १९४८ साली वॉर्ड किंबल या आपल्या चित्रकाराबरोबर तो शिकागोचं रेल्वे प्रदर्शन पाहायला गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन. (किंबलची कथाही ऐकण्यासारखी. त्याच्या परसात खरीखुरी, पूर्ण आकाराची आगगाडी होती. त्याच्या बायकोचं काय झालं असेल!)

लॉस एंजेलिसला डिस्नेने नवं घर बांधायला घेतलं ते आगगाडीसाठी जागा बघूनच. रुळांची लांबी २६१५ फूट, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर. गाडी खऱ्याच्या एक अष्टमांश, रुंदी सव्वासात इंच, इंजिन खऱ्या वाफेचं, आणि साहेब वर पाय दुमडून बसणार. गार्डाचा डबा त्याने स्वतःच्या हाताने बनवला, आतल्या इवल्याशा शेगडीसकट. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कडेने मातीचा बांध घातला. सगळं झालं, पण मध्ये आला बायकोचा फुलांचा वाफा.

लिलियनबाईंनी वाफ्यातून गाडी नेऊ दिली नाही. मग साहेबांनी वाफ्याखालून ९० फुटांचा बोगदा काढला, तोही नागमोडी, म्हणजे आत शिरताना दुसरं टोक दिसू नये. सरळ काढला तर स्वस्त पडेल असं कामावरच्या माणसाने सुचवलं, तेव्हा मुळीच न काढणं त्याहून स्वस्त, असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. शिवाय वकिली भाषेत रीतसर करारपत्र तयार करून त्यावर बायकोची सही घेतली, की रेल्वेला या जमिनीवरून जाण्याचा हक्क आहे. आणि इंजिनाचं नाव ठेवलं 'लिली बेल'.

तर मंडळी, एकीकडे एफी, एकीकडे लिली बेल. इंजिनाला बायकोचं नाव द्यायचं आणि अंगण बायकोचं घ्यायचं, ही युक्ती दोन खंडांत दोन माणसांनी एकमेकांना न विचारता केली!

डिस्नेची ती गाडी फार वर्षं चालली नाही. १९५३ साली एका पाहुण्याने वळणावर वेगात नेली, इंजिन रुळावरून घसरलं, वाफ सुटली आणि तिथे आलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा पाय भाजला. फार नाही, पण भाजला. डिस्नेने गाडी त्यानंतर बंदच केली. डोक्यातून काही ती गेली नाही. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्या कडेने गाडी होती आणि बाहेरचं काही दिसू नये म्हणून तसाच मातीचा बांध होता. हेवूडने जगाला गंभीरपणे काही सांगायला गेलं आणि त्याचा खेळ झाला. डिस्ने खेळत बसला आणि त्याचा केवढा उद्योग झाला. हे मी वर्गात शिकवलं असतं तर पोरांनी नक्की लक्षात ठेवलं असतं.

पण हेवूड किंवा डिस्ने होणं तुमच्याआमच्या आवाक्यातलं नाही. आमच्या अंगणात गाडी आली ती तिसऱ्या वाटेने. लेमान ही जर्मनीतली १८८१ सालची पत्र्याची खेळणी करणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना पूर्वेकडच्या राजवटीत गेला आणि घरच्या लोकांनी पश्चिमेला न्युरेंबर्गमध्ये नव्याने सुरुवात केली. त्याच घरातल्या वोल्फगांग आणि एबरहार्ड रिश्टर या भावांनी १९६८ साली बागेत चालेल अशी विजेची गाडी बाजारात आणली. तिचं पहिलं इंजिन ऑस्ट्रियातल्या श्टाइन्त्सच्या छोट्या लाइनवरच्या इंजिनावर बेतलेलं होतं. यात मला जिंकलं ते गणिताने. रुळांची रुंदी ४५ मिलिमीटर, प्रमाण साडेबावीसास एक. आता ४५ ला साडेबावीसने गुणा. १०१२ येतात, म्हणजे जवळजवळ एक मीटर. मीटरगेज!

माझं माहेर मिरजेकडचं. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत पुणे-मिरज मीटरगेजच होती. कऱ्हाड, ताकारी, भिलवडी, रात्रभर डोळ्यांत कोळशाचे कण आणि सकाळी रुमाल काळा. ती गाडी साडेबावीस पट लहान करून जर्मनीहून माझ्याच अंगणात आली होती, आणि मी तिला हाकलायला निघाले होते. भांडण तिथे संपलं असं नाही, पण माझी बाजू लंगडी झाली.

बाहेर गाडी चालवणं म्हणजे काय हे मात्र अंगणातच कळतं. कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ सालचं. मुलांना घेऊन मी कितीदा गेले आहे. सुंदरच आहे, पण तिथे छप्पर आहे. अंगणात पाऊस काही साडेबावीस पट लहान पडत नाही. यांनी चर खणून आधी खडी, वर कच, त्यावर रूळ असं खऱ्या लाइनसारखं घातलं, तरी पहिल्या आषाढात एक बाजू खचली. उन्हात पितळ वाढतं, म्हणून सांध्यात फटी ठेवायच्या. कमी ठेवल्या तर दुपारी रूळ धनुष्यासारखे वाकतात, जास्त ठेवल्या तर थंडीत वीज पुढे जात नाही. पितळ काळवंडलं की इंजिन आचके देतं, मग बारीक पॉलिशपेपरने घासायचं. श्रावणात गोगलगायी रुळावर बसायच्या. आणि प्राजक्त! सकाळी सडा पडला की सगळी लाइन पांढरी, आणि चाकं जागच्या जागी फिरायची. फुलं वेचून देवाला वाहिल्याशिवाय पहिली गाडी सुटायची नाही. आमच्याकडे देवपूजा ही रेल्वेची देखभाल होती.

२००६ साली लेमान कंपनी दिवाळखोरीत गेली आणि यांचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा. पुढच्या वर्षी मेर्क्लिन या दुसऱ्या जुन्या कंपनीने ती घेतली तेव्हा पेढे आणले होते, हे थट्टेने सांगत नाही.

त्याच सुमारास शेवंतीच्या वाफ्याचा प्रश्न निघाला. तुळशीला वळसा घालून येणारी लाइन वाफ्यातून चार फूट नेली तर वळण सैल होणार होतं. मी नाही म्हटलं. वर्षभर नाहीच म्हटलं. मग डिस्नेच्या कराराची गोष्ट वाचून मीच गमतीने शाळेच्या वहीच्या पानावर कलमं लिहून दिली. पाणी घालताना गाडी बंद. कळ्या असताना वाफ्यात पाय नाही. इंजिनाला नाव माझं. खाली सह्या. दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या कडेला कागदाची पट्टी चिकटलेली होती. पहिल्याच पावसात ती गेली, आणि मग यांनी रंगाने लिहिलं.

हे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्या पावसाळ्यानंतर मुलाने येऊन रूळ काढले, खोकी भरली. आता बंगला पुनर्विकासाला द्यायचं ठरलं आहे. मोजणीवाले येऊन गेले. वर फ्लॅट मिळेल, गच्ची समाईक असेल, अंगण नसेल. नातू तिकडे इंजिनिअरिंग शिकतो, तो म्हणतो, आजी, सगळं मला पाठव. पाठवीन.

रूळ सापडला त्या संध्याकाळी यांची फाइल काढली. करार होता. माझ्याच अक्षरातलं शेवटचं कलम मी विसरले होते : "ही परवानगी अंगण असेपर्यंत."

मग माळ्यावरून इंजिन आणि तो विजेचा ठोकळा काढला. वाफ्यातले चार फूट दोन दिवस घासले, गुडघे बोलायला लागले. काल संध्याकाळी वायर लावली. इंजिन आधी हललंच नाही, मग बोटाने जरा ढकललं तेव्हा दिवा लागला आणि निघालं. सव्वातीन फूट गेलं. पुढच्या सांध्यात माती आहे, ती उद्या काढते.