रुपयाचा वाद आणि आपला पगार



पगार महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाशी निगडित अशा एका वादात दोन थोर अर्थशास्त्रज्ञ परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते.

१८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही घसरला. विलायतेला पौंडांत रकमा पाठविताना सरकार बेजार झाले आणि टांकसाळी जनतेला बंद झाल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स ठरला. देशात रुपये व नोटा, परदेशी देण्यासाठी मात्र सोने वा पौंड, अशी पद्धत रूढ झाली. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली. सोने लोकांच्या खिशात अडकविणे हा त्यांच्या मते निव्वळ अपव्यय होता.

१९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यांचा आक्षेप असा की, या पद्धतीत रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. रुपये वाढले की भाव चढतात. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला त्याच मालाचे अधिक रुपये मिळतात, हे खरे. परंतु हा नफा परदेशातून येत नाही. मजुराची मजुरी तेवढीच राहते, धान्य महागते. म्हणजे नफा त्याच्याच ताटातून जातो! म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करावी आणि सोन्याचे नाणे चालवावे, असे त्यांनी सुचविले. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी तर प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदविले. गुरू-शिष्यांचा असा मोकळेपणा दुर्मिळच.

हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक (१९३५) त्यांच्या ग्रंथातूनच जन्मली असे कधी कधी म्हटले जाते. ते आम्हांस अतिशयोक्त वाटते. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाची होती. शिवाय सोन्याच्या नाण्याचा त्यांचा उपाय काळाने मागे टाकला. १९३१ साली खुद्द इंग्लंडने सुवर्णमान सोडला. या मुद्द्यावर केन्सची दृष्टी अधिक दूरची ठरली, हे मान्य केले पाहिजे.

आंबेडकरांचा प्रश्न मात्र टिकून राहिला. चलनाला मर्यादा कोणी घालावी? २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करून व्याजदर ठरविण्याचे काम सहा सदस्यांच्या समितीकडे देण्यात आले आणि महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ टक्के इकडेतिकडे, राखण्याचे बंधन आले.

विद्यार्थ्यांनो, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. पहिली प्रकरणे जड वाटली तर शेवटच्या प्रकरणापासून आरंभ करावा.