विकासप्रकल्प आघात मूल्यमापन
धरण, रस्ता, खाण वा कारखाना उभारण्यापूर्वी त्याचे निसर्गावर आणि समाजावर होणारे परिणाम तपासण्याची पद्धत. भारतात पर्यावरण संरक्षण अधिनियम, 1986 खालील 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने ती बंधनकारक झाली. सध्या 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना लागू आहे. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो व तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद येथे पाहता येतो. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रांतून दिली जाते.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या शेतीप्रधान गावांना हा विषय परका नाही. शेजारच्या नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प आहे. त्याचा लाभ बुलढाणा व अकोला जिल्ह्यांना अपेक्षित असून बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन हा त्यातील कळीचा प्रश्न. पूर्णाखोऱ्यातील खारपाण पट्ट्यात सिंचनासोबत निचऱ्याचाही विचार करावा लागतो. अन्यथा क्षार वर येऊन काळी जमीन नापीक होते.

भूसंपादन कायदा, 2013 ने सामाजिक आघात मूल्यमापन आणले. मात्र पर्यावरणीय मूल्यमापन आवश्यक असलेल्या सिंचन प्रकल्पांना त्यातून वगळले आहे.